कर्ज मागणारीला विचारतो, मग मत मागणाऱ्याला का नाही?



आपल्या बचत गटात एखादी बाई पंचवीस हजारांचं कर्ज मागते तेव्हा आपण काय करतो? तिचं मागचं कर्ज कसं फिटलं ते वहीत बघतो. पैसे कशाला पाहिजेत ते विचारतो. घरात कमावतं कोण आहे, दुसऱ्या बँकेचं किंवा फायनान्सचं देणं आहे का, तेही विचारतो. जामीन कोण राहणार हे ठरल्याशिवाय अध्यक्ष आणि सचिव सही करत नाहीत. ती बाई आपली शेजारीण असते, कधी सख्खी जाऊ असते, तरी विचारतो. तिलाही त्याचा राग येत नाही, कारण पैसा दहा-बारा जणींचा आहे हे तिला माहीत असतं.

आता दुसरं बघा. पाच वर्षांसाठी सगळा कारभार हातात द्या म्हणून एक माणूस दारात येतो. आपण त्याला ओवाळतो, चहा ठेवतो, आणि ‘बघू की दादा’ म्हणून वाटेला लावतो. मागे काय केलं, आता खर्चाला पैसा कुठला, जामीन कोण, यातलं एक अक्षर आपण विचारत नाही.

मी कुणाच्या बाजूनं किंवा कुणाच्या विरोधात बोलायला आलेली नाही. उमेदवाराची माहिती देणारे कागद कुठं मिळतात आणि ते कसे वाचायचे, एवढंच आज सांगणार आहे.

हिशेब आणि जाब विचारणं आपल्या कुंडलला नवीन नाही. १९३९ साली औंधच्या राजांनी राज्याचा कारभार लोकांच्या पंचायतींकडे दिला, तेव्हा कुंडल औंध संस्थानात होतं. पुढं १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचं हे मोठं ठाणं होतं. गावातले तंटे गावातच, लोकांसमोर बसून मिटवले जायचे. ज्या गावानं इंग्रजाला जाब विचारला, त्या गावातल्या लेकीसुनांनी उमेदवाराला चार प्रश्न विचारायला कसला संकोच?

आता अलीकडचं सांगते. कुंडल पलूस-कडेगाव विधानसभा मतदारसंघात येतं. २०१८ मध्ये पतंगराव कदम गेल्यानंतर इथं पोटनिवडणूक लागली आणि ती बिनविरोध झाली. मग २०१९ च्या निवडणुकीत या मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकाची मतं कुणाला पडली माहीत आहे? ‘नोटा’ला, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या बटणाला. तब्बल २०,६३१ मतं. लोकांनी ते बटण का दाबलं, ज्याचं कारण त्याला ठाऊक. पण एक गोष्ट समजून घ्या. विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली, तरी त्याच्या खालोखाल मतं घेणारा उमेदवार आमदार होतो. नोटा आपली नाराजी दाखवतं, माहिती काही देत नाही. माहिती आपण त्याआधी काढायची असते.

पहिला कागद म्हणजे प्रतिज्ञापत्र. उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मध्ये ते द्यावं लागतं. हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनं कोर्टात दाद मागितली. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यावर सरकारनं कायदा करून ही माहिती आखडती घेण्याचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयानं तो भाग रद्द केला. म्हणून आज हा कागद आपल्यासमोर आहे. तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर लागतो आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही असतो. घरातल्या शिकत्या पोरीला मोबाईलवर काढायला सांगा, पाच मिनिटांत निघतो.

कागद मोठा असतो, पण घाबरू नका. यात पाच गोष्टी बघायच्या. स्वतःची, बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असलेल्यांची जमीन, घरं, सोनं, गाड्या, ठेवी. मागच्या पाच वर्षांचं आयकरात दाखवलेलं उत्पन्न. बँका, पतसंस्था आणि सरकारचं देणं. उत्पन्नाचं साधन काय, आणि सरकारी कामाचा ठेका आहे का. आणि शेवटी गुन्हे.

उमेदवार आधीही उभा राहिला असेल, तर त्याचं जुनं प्रतिज्ञापत्र काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मालमत्ता वाढली म्हणजे लगेच चोरी झाली असं समजू नका. जमिनीचे भाव वाढतात, वडिलांची वाटणी होते. पण उत्पन्नाचं साधन ‘शेती’ लिहिलंय आणि पाच वर्षांत फ्लॅट, प्लॉट, गाड्या चौपट झाल्यात, तर विचारायचं, ‘दादा, कोणतं पीक घेता? आम्हालाही बियाणं द्या की.’ हसत विचारायचं, पण विचारायचं.

देण्याच्या रकान्यात मोठं कर्ज असेल तर ते कोणत्या संस्थेचं आहे ते बघा. तो स्वतः ज्या संस्थेचा संचालक आहे तिथलंच आहे का? ते थकलंय का? आपल्या गटात एक हप्ता चुकला तर पुढच्या बैठकीत नाव वाचून दाखवतात. इथं तर आकडा कोटीत असू शकतो.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना मात्र तारतम्य ठेवा. ऊसदराच्या आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि बाईवर हात टाकल्याचा गुन्हा एका तागडीत तोलू नका. कलम कोणतं, कोर्टानं आरोप निश्चित केलेत का, शिक्षा झाली आहे का, हे तिथंच लिहिलेलं असतं. गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते वर्तमानपत्रात तीन वेळा जाहीर करावे लागतात. फेब्रुवारी २०२० पासून पक्षालाही कारण द्यावं लागतं की दुसरा स्वच्छ माणूस सोडून यालाच तिकीट का दिलं. ‘तो निवडून येऊ शकतो’ एवढं कारण चालणार नाही, असं न्यायालयानं सांगितलंय. रकाना कोराही सोडता येत नाही. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहावं लागतं. खोटी माहिती दिली किंवा लपवली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे मागची भूमिका. माणूस आज काय बोलतो हे भोंग्यावर ऐकू येतं. काल काय बोलला, काय केलं, ते शोधावं लागतं.

खासदारासाठी हे सोपं आहे. लोकसभेच्या संकेतस्थळावर हजेरी, विचारलेले प्रश्न आणि केलेली भाषणं मिळतात. मोठ्या विधेयकांवर कुणी कसं मत दिलं तेही कळतं. एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचं आहे. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक आलं. बाजूनं ४५४ मतं पडली, विरोधात फक्त २. त्या दोघांपैकी एक आपल्या महाराष्ट्रातले होते, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. आता एवढंच ऐकलं तर वाटेल की हा माणूस बायकांच्या विरोधात. पण त्यांच्या पक्षाचं म्हणणं होतं की या आरक्षणात ओबीसी आणि मुस्लिम बायकांसाठी वेगळा वाटा नाही, म्हणून विरोध. ते पटो न पटो, मत आणि त्यामागचं कारण दोन्ही वाचलं तरच माणूस कळतो. आणि ज्या ४५४ जणांनी बाजूनं मत दिलं, त्यांना आपण दुसरा प्रश्न विचारू शकतो. कायदा झाला, मग आरक्षण प्रत्यक्षात कधी मिळणार? ते जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, असं त्या कायद्यातच लिहिलंय. हे भोंग्यावर कुणी सांगत नाही.

विधानसभेत बहुतेक वेळा आवाजी मतदान होतं, त्यामुळं एकेकाचं मत सापडत नाही. तिथं प्रश्न आणि भाषणं बघायची. टेंभू, ताकारी, आरफळ या नावांवर आपल्या भागात किती निवडणुका लढवल्या गेल्या! एकाच कालव्याचं श्रेय तीन-तीन जण घेतात. विचारा, ‘पाण्याचा प्रश्न सभागृहात कोणत्या अधिवेशनात मांडला?’ ज्यानं मांडला असेल तो लगेच तारीख सांगेल.

आपल्या भागातले बरेच उमेदवार मात्र थेट आमदारकीला येत नाहीत. ते आधी सोसायटीत, दूध संघात, बँकेत, कारखान्यात, पंचायत समितीत असतात. तिथली त्यांची वही आपल्या हाताजवळ असते. सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल सभासदाला मिळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ३२ नुसार सभासद संस्थेची काही कागदपत्रं मोफत बघू शकतो. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर शेअर आहेत, पण अहवाल घरी येतो आणि चुलीजवळ जातो. तो उघडा. हा माणूस संचालक असताना कर्ज वाढलं की कमी झालं? ऊसबिल वेळेत मिळालं का? लेखापरीक्षणात संस्थेला कोणता वर्ग मिळाला?

ग्रामपंचायतीतून पुढं आलेला असेल तर ग्रामसभेचं इतिवृत्त आहे. ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्याकडं मत मागणारा तेव्हा सरपंच किंवा सदस्य होता का? त्यानं असा ठराव मांडला का? दारूचं दुकान हटवण्याच्या ठरावावेळी तो सभेत होता की नेमका बाहेरगावी गेला होता? बायकांविषयी खरं काय वाटतं ते अशा नोंदींत दिसतं. हळदीकुंकवाच्या भाषणात ते दिसत नाही.

आता तिसरी गोष्ट, पैसा. यावर सगळ्यांत कमी बोललं जातं.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांपर्यंत. अर्ज भरण्याआधी त्याला निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. रोजचा खर्च वहीत लिहावा लागतो. ती वही प्रचाराच्या काळात तीनदा तपासली जाते. मांडव, खुर्ची, चहा, नाष्टा, जीपचं भाडं, सगळ्यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो. दिला नाही किंवा रीतीनं दिला नाही, तर तीन वर्षं अपात्र ठरवता येतं. स्वतःचे किती, पक्षाचे किती, इतर कुणी किती दिले, हे त्या हिशेबात दाखवावं लागतं. आणि हा हिशेब एक रुपया फी भरून कुणीही बघू शकतं. एक रुपया, बायांनो! फी भरून प्रतही मिळते.

हिशेब वाचून काय होतं, असं वाटत असेल तर भोकरचं उदाहरण ऐका. २००९ च्या विधानसभेला नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण उभे होते. त्या वेळी खर्चाची मर्यादा १० लाख होती. त्यांनी दिलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये आणि केबल टीव्हीचा ६,००० रुपये होता. पण निवडणुकीच्या दिवसांत मोठमोठ्या मराठी वर्तमानपत्रांत त्यांचं कौतुक करणारी पानंच्या पानं आली होती. काही मजकूर तर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत शब्दाला शब्द जुळत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उजेडात आणलं. हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी आयोगाकडं तक्रार केली.

चव्हाणांची बाजू अशी होती की या बातम्या आहेत, जाहिराती नाहीत, आणि आपण त्यासाठी पैसे दिलेले नाहीत. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की उमेदवाराचा हिशेब खरा आहे का हे तपासायचा आयोगाला अधिकार आहे. नुसता कागद वेळेत आला म्हणून भागत नाही. जुलैमध्ये आयोगानं हिशेब रीतीनं दिलेला नाही असं म्हणून नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे चव्हाण अपात्र ठरले नाहीत. पण ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोचला आणि हिशेब तपासण्याचा हक्क पक्का झाला. याची सुरुवात कशी झाली? एका बाजूला हिशेबाचा कागद, दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्राची रद्दी. रद्दी तर आपल्याही घरात असते.

पक्षांच्या पैशाचं काय, असंही तुम्ही विचाराल. ४० लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. मोठा नेता हेलिकॉप्टरनं सभेला येतो, तो प्रवास बहुधा पक्षाच्या खात्यात जातो. पक्षाला वर्षभरात वीस हजारांपेक्षा जास्त देणाऱ्यांची नावं आयोगाला कळवावी लागतात. पण २०१८ साली निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा, देणाऱ्याचं नाव मतदाराला कळायचं नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळलं पाहिजे, कारण पैसा देणारा धोरणावर वजन टाकू शकतो, हे त्यामागचं मोठं कारण होतं. मार्चमध्ये स्टेट बँकेला याद्या द्याव्या लागल्या आणि आयोगानं त्या प्रसिद्ध केल्या. ज्या बँकेत आपल्या कितीतरी गटांची खाती आहेत, त्याच बँकेची ही गोष्ट. आपल्या शंभर रुपयांच्या बचतीची नोंद तीन ठिकाणी असते, मग कोटींची नोंद झाकून ठेवायची कशाला?

आता आपल्या दारातलं बोलू. आपल्या मतदारसंघात पावणेतीन-तीन लाख मतदार धरले, तर ४० लाखांच्या मर्यादेत एका मतदारामागं तेरा-चौदा रुपये येतात. सभा, गाड्या, पत्रकं, चहा सगळं धरून तेरा-चौदा रुपये. मग हळदीकुंकवाच्या वाणात तीनशे रुपयांची साडी आली तर ती कोणत्या वहीतली? समजा दोन हजार बायकांना साड्या वाटल्या, तर सहा लाख झाले. ते हिशेबात सापडणार नाहीत. ज्यानं ते दिले त्यानं आपल्या प्रेमापोटी दिलेले नसतात. तो ते रस्त्याच्या डांबरातून, शाळेच्या पत्र्यातून, पाण्याच्या टाकीच्या सिमेंटमधून वसूल करतो. तीनशेच्या साडीवरचं व्याज आपण पाच वर्षं खड्ड्यांत फेडत राहतो.

आणि कायद्याचंही लक्षात ठेवा. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणं हा गुन्हा आहे, तसा घेणं हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. सरकारी योजनेचे पैसे ही वेगळी गोष्ट आहे. ते आपल्याच करातून येतात, त्यामुळं त्यासाठी कुणाच्या उपकाराखाली राहायचं कारण नाही.

मला सगळ्यांत जास्त काळजी आपल्या गटांची वाटते. गट म्हणजे दहा-बारा मतं एका ठिकाणी, ग्रामसंघ म्हणजे दोनशे-अडीचशे. निवडणूक आली की ‘ताई, तेवढ्या बायका गोळा करा’ असा फोन समन्वयकाला, सीआरपीला येतोच. गटाला सतरंजी, भांडी, कुकर देऊ म्हणतात. हे एकदा घेतलं की गटाची बैठक त्यांच्या सभेची शाखा होते. मग वसुलीच्या वेळी ‘ती त्यांची, मी ह्यांची’ सुरू होतं आणि पाच-सहा वर्षं जपलेला गट मोडायला वेळ लागत नाही. म्हणून गटाच्या बैठकीत कुणाचाही प्रचार नको. मत जिचं तिचं. कागद वाचणं मात्र सगळ्यांचं.

करायचं काय ते थोडक्यात सांगते. निवडणूक जाहीर झाली की एक वही करा. प्रत्येक उमेदवाराला दोन पानं द्या. सगळ्या पक्षांच्या, अपक्षांच्याही. पहिल्या पानावर प्रतिज्ञापत्रातल्या पाच गोष्टी लिहा, जुन्या आकड्यांसकट. दुसऱ्यावर त्याची मागची पदं आणि त्या पदावर त्यानं काय केलं ते. प्रचारात गावात किती मांडव पडले, किती गाड्या फिरल्या, किती जेवणावळी झाल्या, तेही तारखेसह लिहा. निकालानंतर हिशेब आला की दोघींनी जाऊन, एक रुपया भरून, जुळवून बघा.

पैसे, साड्या, दारू वाटताना दिसली, तर विधानसभा-लोकसभेला निवडणूक आयोगाचं ‘सी-व्हिजिल’ अॅप आहे. त्यावर फोटो किंवा व्हिडिओ टाकायचा. नाव न देताही तक्रार करता येते आणि शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी व्यवस्था आहे. अॅप जमत नसेल तर १९५० हा क्रमांक आहे. गावात राहून एकटीनं बोलणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. भावकी असते, ऊसतोडीची टोळी त्यांच्याच हातात असते, नवऱ्याची नोकरी असते. म्हणून एकटीनं पुढं होऊ नका. प्रश्न चौघींनी मिळून विचारा, आणि जो येईल त्या प्रत्येकाला तेच विचारा. सगळ्यांना तेच प्रश्न विचारले की कुणी म्हणू शकत नाही की तुम्ही अमक्याच्या आहात.

प्रश्नही तीनच ठेवा. मागं काय केलंत? प्रचाराला पैसा कुठला? आणि ज्यांनी तो दिला, त्यांना उद्या काय द्यायचंय? उत्तर आलं तर वहीत लिहा. उत्तर नाही आलं, तर तेही वहीत लिहा.